दगडावरचे नाव कोणाचे?

अमेरिकेतील कितीही लहान गावी गेलो तरी कचेरीसमोर किंवा मुख्य चौकात युद्धस्मारक बहुधा आढळतेच, आणि त्यावर त्या गावच्या सैनिकांची नावे असतात. आपल्याकडे पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसविल्या. त्यांवर या गावचे इतके लोक युद्धावर गेले व पैकी इतके कामी आले, एवढाच हिशेब असे. आकड्यावरून गावाची कामगिरी कळते, माणूस कळत नाही. म्हणून नावे लिहिण्याची रीत आम्हांस अधिक न्याय्य वाटते. परंतु नावे आली की प्रश्नही येतात. कोणाचे नाव लिहावे, कोणत्या रांगेत लिहावे, आणि एकदा लिहिलेले बदलण्याचा अधिकार कोणास?

ऑरेगन राज्यातील हूड रिव्हर येथे कचेरीच्या भिंतीवर तेथील सैनिकांची नामावली रंगविलेली होती. नोव्हेंबर 1944 मध्ये अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेच्या स्थानिक शाखेने तीमधील 16 नावे पुसून टाकली. हे सारे जपानी वंशाचे अमेरिकन सैनिक होते. त्यांपैकी फ्रँक हाचिया हा तरुण जानेवारी 1945 मध्ये फिलिपिन्समधील लेते बेटावर झालेल्या जखमांनी मरण पावला. ज्या देशासाठी तो मेला, त्या देशातील त्याच्या गावच्या भिंतीवर त्या दिवशी त्याचे नाव नव्हते. देशभर निषेध झाला, आणि 1945 सालीच बहुतेक नावे परत लिहावी लागली.

दुसरे उदाहरण साउथ कॅरोलिनातील ग्रीनवूडचे. तेथील स्मारकावर दोन्ही महायुद्धांतील मृतांची नावे ‘गोरे’ आणि ‘कलर्ड’ अशा दोन मथळ्यांखाली वेगळी लिहिलेली होती. ही एकट्या त्या गावाची लहर नव्हती. 1948 साली अध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढीपर्यंत सैन्यातच वेगळ्या पलटणी होत्या. नावे एकत्र करण्याचे नगराध्यक्षांनी मनावर घेतले, तेव्हा स्मारकांत फेरफार करण्यास मनाई करणारा राज्याचा 2000 सालचा कायदा आडवा आला. प्रकरण न्यायालयात गेले आणि 2018 मध्ये बदलास मोकळीक मिळाली.

येथे कोणी विचारील, की हूड रिव्हरला बदल केला तो अन्याय आणि ग्रीनवूडला केला तो न्याय, हे कसे? दगड पवित्र असेल तर दोन्हीकडे हात लावू नये. नसेल तर पहिल्याबद्दल तरी तक्रार कशाला?

वाचकहो, आमच्या मते फरक दगडात नाही. नाव हे मृताचे असते, ते त्याने आपल्या प्राणाने मिळविलेले असते. मथळा, क्रम आणि सजावट मात्र मागे राहिलेल्यांची असते. हूड रिव्हरकरांनी जे आपले नव्हते ते काढून घेतले, आणि तेही आईबापांच्या वंशावरून. ग्रीनवूडमध्ये एकही नाव कमी होणार नव्हते. जिवंतांनी घातलेली भिंत तेवढी जिवंतांनीच काढावयाची होती. जे आपण लिहिले ते आपण सुधारू शकतो. जे दुसऱ्याचे आहे ते पुसू शकत नाही.

एक आक्षेप मात्र आम्हांस वजनदार वाटतो. काही इतिहासकार म्हणाले, की जुनी पाटी हाच त्या काळाचा पुरावा आहे. ती नाहीशी झाली तर आपले पूर्वज प्रथमपासून एकाच रांगेत उभे होते असे नातवंडांस वाटेल. हे खरे आहे. म्हणून जुनी पाटी वितळवू नये. ती संग्रहालयात ठेवावी आणि तिची हकीकत शेजारी लिहावी. चौकात मृतांचा मान राहावा, संग्रहालयात आपली लाज राहावी.

वॉशिंग्टनमधील व्हिएटनाम स्मारकाने, 1982 साली, हा गुंता सोप्या रीतीने सोडविला. काळ्या दगडावर आज 58,000हून अधिक नावे आहेत. त्यांच्यापुढे हुद्दा नाही की वंश नाही. जो ज्या दिवशी पडला त्या क्रमाने त्याचे नाव आहे. ते युद्ध योग्य होते की अयोग्य, यावर लोक अजून भांडतात. पण त्या भांडणाचा भार मृतांच्या नावांवर टाकलेला नाही.

अशा स्मारकावरून मुलांसह जाण्याचा योग आला तर दोन मिनिटे थांबावे. त्यांच्याकडून नावे मोठ्याने वाचून घ्यावीत. मग मथळाही वाचावयास सांगावा, आणि तो कोणी लिहिला असेल हे त्यांना विचारावे.