शिवेवरची अर्भके

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत, मेयो परगण्यात, अकिल नावाचे बेट आहे. आणि तेथील स्लीव्हमोर पर्वताच्या दक्षिण उतारावर, चुन्यावाचून नुसत्या दगडांवर दगड रचून बांधलेल्या 80 ते 100 घरांचे एक ओसाड गाव छपरे गमावून आजही उभे आहे. दुष्काळ, खंडवसुली आणि परदेशगमन यांनी ती वस्ती उठवली. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत खालच्या गावांतील लोक केवळ उन्हाळ्यापुरती गुरे घेऊन तेथे राहत. बटाट्याच्या लागवडीचे वरंबे मात्र गवताखालून अजून स्पष्ट दिसतात.

परंतु या बेटावरील ज्या जागांनी माझे मन व्यापले आहे, त्यांवर घर नाही आणि शेतही नाही. त्यांना ‘किलीन’ म्हणतात. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या अर्भकाला चर्चच्या पवित्र दफनभूमीत जागा नसे. म्हणून सूर्यास्तानंतर बाप किंवा चुलता ते कलेवर लहानशा खोक्यात घालून निघे, समुद्रकाठी, दोन गावांच्या शिवेवर अथवा एखाद्या पडक्या प्राचीन चर्चच्या आवारात खड्डा खणी, आणि वर पांढऱ्या गारगोट्या मांडी. आई बाळंतिणीच्या बाजेवरच असे, आणि पुष्कळदा जागा कोणती हेही तिला कोणी सांगत नसे. किनाऱ्याला लागलेली अनोळखी खलाशांची प्रेतेही अशाच भूमीत विसावत.

या नकारामागे होता बाप्तिस्म्यानेच धुतल्या जाणाऱ्या जन्मजात ‘मूळ पापा’चा सिद्धांत. संत ऑगस्टीनने तो इतक्या कठोरपणे लावला की, अशा अर्भकांच्या वाट्याला सौम्यतम का होईना, पण शिक्षाच येते असे त्याने मानले. मध्ययुगीन पंडितांना हे असह्य झाले, आणि जेथे यातना नाहीत पण ईश्वरदर्शनही नाही अशा ‘लिंबो’ची कल्पना त्यांनी मांडली. तिला चर्चने धर्मसिद्धांताचा दर्जा कधीच दिला नाही. तरीही खेड्यातल्या बापाच्या हाती रात्रीची कुदळ दिली ती तिनेच. आपत्काली सुईणीनेही बाप्तिस्मा द्यावा अशी मुभा होती हे खरे. पण ईश्वरी कृपा सुईणीच्या ओंजळीतील पाण्यावर आणि बालकाच्या एका श्वासावर अवलंबून ठेवणाऱ्या व्यवस्थेला न्याय म्हणण्यास माझी बुद्धी तयार होत नाही. ज्याने काही केलेच नाही, त्याला वगळायचे कोणत्या कर्मासाठी?

त्या बापांनी नियम मोडला नाही. मात्र त्यांनी पडक्या चर्चच्या भिंतीचा आडोसा शोधला, शुभ्र गारगोट्या वेचून आणल्या; आज्ञापालनाच्या आतच त्यांनी आपली श्रद्धा जपली, आणि ती श्रद्धा मला पंडितांच्या सिद्धांताहून अधिक ख्रिस्ती वाटते. 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने अशा अर्भकांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास सबळ आधार आहेत असे जाहीर केले. आता अनेक गावांत या जागांना कुंपण घालून, शिलालेख बसवून, धर्मगुरूंकडून त्या अभिमंत्रित केल्या जातात. त्या मातीला आणखी कोणते पावित्र्य द्यायचे राहिले होते, हे मला कळत नाही. परंतु ज्या वृद्ध मातांना जागाच सांगितली गेली नव्हती, त्यांच्यासाठी धर्मगुरूने दिवसाढवळ्या तेथे येऊन प्रार्थना म्हणणे हे चर्चचे फार जुने देणे आहे.