दाढेतली चांदी आणि अवयवीचा वाद

किडलेली दाढ कोरून तिच्यात भरलेल्या करड्या मसाल्याला जुन्नर-आंबेगावात, आणि तसे सगळ्या महाराष्ट्रातच, ‘चांदी’ म्हणतात. वजनाने पाहिले तर त्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो. उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबे यांच्या संमिश्राची भुकटी. काही प्रकारांत किंचित जस्त. नाव चांदीचे, मोठा वाटा पाऱ्याचा, आणि तयार होते ते दोहोंपैकी कशासारखेच वागत नाही. भाग एकत्र आले म्हणजे खरोखर नवी वस्तू जन्मते, की भागांच्या घोळक्याला माणूस सोयीसाठी एक नाव देतो, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद या मसाल्याला चांगलाच लागू पडतो.

वादाची एक बाजू जुन्नरच्या डोंगरांत राहून गेली आहे. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री मिळून येथे दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. वस्तू म्हणजे घटकांचा समुच्चय, त्याहून निराळा ‘अवयवी’, म्हणजे भागांपलीकडची एक अखंड वस्तू, नाही, ही बौद्धांची भूमिका. मिलिंद या यवन, म्हणजे ग्रीक, राजाला भिक्षू नागसेनाने रथाच्या दृष्टान्ताने हेच सांगितले: चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जूही नव्हे, रथ हे केवळ व्यवहाराचे नाव. जुन्नरच्या शिलालेखांत दान देणाऱ्या तीन यवनांची नावे आहेत, इरिल, चित आणि चंद. याच लेखांत कासारांच्या श्रेणीचाही, म्हणजे व्यवसायसंघाचाही, उल्लेख येतो, आणि नागसेनाची पंचाईत होते ती इथे. तांबे मऊ, कथील त्याहून मऊ. पण दोन्ही एकत्र वितळवली की कासे टणक होते आणि नाद देते. हा नाद तांब्यातही नव्हता आणि कथिलातही नव्हता.

वादाची दुसरी बाजू नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांची. त्यांनी अवयवीच्या बाजूने दिलेला युक्तिवाद साधा आहे. एक टोक धरून ओढले की सगळी वस्तू ओढली जाते. नुसत्या ढिगाचे तसे होत नाही. दाढेतल्या चांदीला हीच कसोटी लावता येते. पूर्वी दंतवैद्य भुकटी आणि पारा छोट्या खलात घोटत आणि जादा पारा कापडातून पिळून काढत. आता मोजून भरलेली कुपी यंत्रात काही सेकंद हलवली की काम होते. झालेला लगदा मऊ असेपर्यंतच दाढेत दाबून बसवावा लागतो, आणि तो घट्ट व्हायच्या आत कोरून आकार द्यावा लागतो. पूर्ण ताकद यायला साधारण एक दिवस जातो, आणि मग भुकटीचा तो ढीग उरत नाही.

आत काय घडते ते मात्र दोन्ही पक्षांना अडचणीत आणणारे आहे. पारा चांदी-कथिलाच्या कणांचा बाहेरचा थर विरघळवतो. त्यातून पारा-चांदीचे एक आणि पारा-कथिलाचे दुसरे संयुग स्फटिकरूपाने तयार होते. सगळे कण विरघळवण्याइतका पारा मुळात घेतलेलाच नसतो, म्हणून कणांचे गाभे जसेच्या तसे राहतात आणि नव्या संयुगात रुतून बसतात, चुन्याच्या बांधकामात दगड बसावेत तसे. जिथे कण उरले तिथे संयोग, जिथे पारा मुरला तिथे नवे द्रव्य. एकाच भरावात बौद्धही बरोबर आणि नैयायिकही.

त्यातले पारा-कथिलाचे संयुग सर्वांत दुबळे, गंजायला सर्वांत सोपे. अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी 1895 च्या सुमारास घटकांचे प्रमाण बसवून दिले तरी हा दोष राहिलाच. 1963 मध्ये इनेस आणि यूडेलिस या संशोधकांनी भुकटीत चांदी-तांब्याचे गोल कण मिसळले, तेव्हा वाढलेल्या तांब्याने कथील आपल्याकडे ओढले आणि ते दुबळे संयुग जवळजवळ नाहीसे झाले. तांबे आणि कथील, म्हणजे पुन्हा कासाराचीच जोडी.

हा भराव चावण्याचा दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फार थोडा. पातळ कड सहज तुटते. तो दाताला चिकटत नाही, म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरतात. उष्णतेने तो दातापेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावतो. जस्त असलेल्या मसाल्याला भरताना ओल लागली तर हायड्रोजन वायू तयार होऊन काही दिवसांनी भराव फुगतो. गंजाचे मात्र अर्धे नुकसान, अर्धा फायदा: त्याचा थर दात आणि भराव यांमधली फट हळूहळू बुजवतो.

पारा बांधण्याचा विचार शैव परंपरेतही आहे. मंचर-घोडेगाव वाटेने भीमाशंकरला जाणारे भाविक ज्या शिवाला नमस्कार करतात, त्याचेच तेज म्हणजे पारा, असे रसशास्त्र मानते. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तल्या सोळा दर्शनांत रसेश्वर दर्शन आहे, बांधलेल्या पाऱ्याने देह स्थिर करावा आणि देही असतानाच मुक्त व्हावे, हे त्याचे म्हणणे. दाढेतला बांधलेला पारा इतके काही देत नाही, आणि तो पुरता बांधलेलाही नसतो: चावताना अत्यल्प वाफ सुटत राहते. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. 2022 मध्ये करारातील देशांनी पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया यांच्यासाठी हा मसाला वापरू नये असे ठरवले. अपवाद फक्त दंतवैद्याला वैद्यकीय गरज वाटल्यास.

या मसाल्याचा शेवटचा निवाडा मात्र कुकडी आणि घोड नद्यांच्या काठी होतो. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळतो आणि चितेची आग त्याहून कितीतरी तापते. तिथे पारा वाफ होऊन हवेत निघून जातो, आणि ज्या चांदीच्या नावाने तो आयुष्यभर ओळखला गेला ती राखेत मागे राहते.