खंड पडलेली धाव

कर्जतला उल्हासकाठी, खोपोलीला पाताळगंगेच्या बाजूने आपल्यापैकी काही जण पहाटे धावतात. मग ताप येतो, किंवा लेकरू रात्रभर झोपू देत नाही. नेम मोडतो, मन खट्टू होते.

बारामतीच्या लताबाई करे आजारी पतीच्या उपचारांसाठी नऊवारीत शर्यत धावल्या. 2020 साली त्यांच्या जीवनावर चित्रपट आला. त्यांना धावते केले ते प्रेमाने. लेकराच्या उशाशी आपल्याला बसवते तेही प्रेमच. संत पॉल करिंथकरांना (1 करिंथ 9) न सुकणाऱ्या मुकुटासाठी धावायला सांगतो. तो मुकुट एका चुकलेल्या पहाटेने हुकत नाही. तापात विसावा घेऊ या. बरे वाटले की कोपऱ्यापर्यंत का होईना, पुन्हा निघू या. खंड पडलेली सांजप्रार्थनाही आज अशीच सुरू करू या.