मातीतला चेहरा

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतर एका अनोळखी बालकाचे दफन रघु राय व पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपले. बार्थोलोम्यूंच्या रंगीत चित्रास 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा सन्मान लाभला. मातीबाहेर केवळ चेहरा, डोळे उघडे. रायांच्या कृष्णधवल चित्रात त्यावर एक हात.

मृताची संमती कोण देणार? दफनविधी आम्हां धर्मगुरूंस नित्याचा. मूठभर माती पडली की तो चेहरा परमेश्वराच्या स्वाधीन झाला, असे आम्ही मानतो. मग तो जगापुढे मांडण्याचा अधिकार छायाचित्रकारास कोठून प्राप्त होतो? पारितोषिकातून खचितच नव्हे. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. त्या हिशेबात मृत म्हणजे आकडेच होते. त्या आकड्यांना या चित्राने चेहरा दिला, हे मान्य करावेच लागते. तथापि आम्हांस त्याहून मोलाचे वाटते ते रायांचे परत जाणे. १९७१ चे बांगला निर्वासित ज्यांनी टिपले, तेच राय २००२ साली भोपाळला पुन्हा गेले आणि वायूतून वाचलेल्यांची छायाचित्रे काढली. जिवंतांची ही चित्रे आमच्या वाचकांपैकी कितीजणांनी पाहिली असतील?