वळणावरचा कर्ता

वळणावर गाडी हातून निसटू लागली की इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावते आणि गरज पडल्यास इंजिनाची ओढही कमी करते. चालकाने ब्रेक दाबलेला नसतो. कित्येकदा त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच असतो. गाडी सावरते. मग सावरण्याचे हे कर्म कोणाचे? आणि हातातली शक्ती काढून घेणाऱ्या यंत्रणेने चालकाचे स्वातंत्र्यही काढून घेतले का?

शिरूर–न्हावरे–केडगाव चौफुला या रस्त्यावर, म्हणजे शिरूर आणि दौंड तालुके जोडणाऱ्या वाटेवर, हा प्रश्न उसाच्या हंगामात अगदी प्रत्यक्ष होतो. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांना लागून काळी माती डांबरावर येते, आणि पाणी किंवा दव पडले की तिचा निसरडा थर होतो. सुक्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.८ धरला, तर ६० मीटर त्रिज्येचे सपाट वळण ताशी सुमारे ७८ किलोमीटर वेगापर्यंत पार होऊ शकते. चिखलाने तो ०.३ वर आणला, तर हीच मर्यादा ताशी सुमारे ४८ वर येते. कोणतीही यंत्रणा हे घर्षण वाढवू शकत नाही. आहे तेवढे घर्षण चार चाकांत नीट वाटणे एवढेच तिच्या हाती असते.

हे वाटप ती चालकाच्या हेतूवरून ठरवते. स्टिअरिंग किती वळले यावरून चालकाला कुठे जायचे आहे ते तिला कळते. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते, बाजूला किती ढकलली जाते आणि प्रत्येक चाक किती वेगाने फिरते, हे इतर सेन्सर सांगतात. हेतू आणि गती यांत फरक पडला की ती हस्तक्षेप करते. पुढची चाके घसरून गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ लागली, तर प्रामुख्याने आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला.

इंजिनाबद्दल मात्र गैरसमज फार आहे. या यंत्रणेमुळे गाडीची कमाल शक्ती कमी होत नाही; सरळ, कोरड्या रस्त्यावर ती नुसती पाहत असते. चाक घसरू लागले तरच पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटतो किंवा ठिणगी उशिरा पडते, डिझेल इंजिनात इंधन कमी सोडले जाते. घसरणाऱ्या चाकावरची जादा शक्ती गाडीला पुढे नेतच नव्हती, वळण्यासाठी लागणारी पकड मात्र खात होती. म्हणून इथे शक्ती घटते तेव्हाच चालकाचा हेतू सिद्धीस जातो. स्वातंत्र्य म्हणजे अनिर्बंध शक्ती ही समजूत या एका घटनेने खोटी पडते. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकातही घोड्यांचा लगाम काढलेला नाही. तो सारथ्याच्या हाती आहे, म्हणूनच रथी मुक्कामाला पोचतो.

कर्तृत्वाच्या प्रश्नाला गीतेच्या अठराव्या अध्यायात अधिक नेमकी चौकट सापडते. चौदाव्या श्लोकात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना चेष्टा आणि दैव. एकट्या आत्म्याला कर्ता मानणाऱ्याची दृष्टी त्यानंतर सदोष ठरवली आहे. या चौकटीत टायर, ब्रेक, इंजिन आणि सेन्सर ही करणे. त्यांच्या क्षणाक्षणाच्या हालचाली या चेष्टा. वळणावर अवचित पसरलेला चिखल हे दैव. यंत्रणा कितीही चतुर असली तरी ती करणांतच मोडते, कारण कुठे जायचे हे ती ठरवत नाही. गाडी वाचली याचे सारे श्रेय चालकाला घेता येत नाही, पण कर्त्याचे स्थानही त्याला सोडता येत नाही.

कारणांच्या या साखळीत कारखान्यातली माणसेही येतात. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत २०१७ पासून तयार होणाऱ्या जीप कंपासमध्ये ही यंत्रणा असते. किती घसरू द्यायचे आणि कुठे आवरायचे, हे अभियंत्यांनी आधीच ठरवलेले असते. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ती महागड्या गाडीत आणली. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनसीएपीमध्ये, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा अधिक तारे मिळवायला ती आवश्यक आहे. जीव वाचवणारे साधन ऐपतीवर अवलंबून राहू नये, या दृष्टीने ही अट योग्यच आहे.

तरीही वळणाआधीचा वेग चालकच निवडतो. ४८ च्या मर्यादेच्या वळणात ७० ने शिरणाऱ्याला यंत्रणा वाचवेलच असे नाही, आणि तिच्या भरवशावर वेग वाढवणे हा त्याचाच दोष. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो तेव्हा पकड संपत आल्याची सूचना मिळते. ती घेऊन पाय सैल करणे हे पुन्हा त्याचेच काम. भीमा-घोड नद्यांच्या काठच्या गाळात गाडी रुतली, तर मात्र इंजिनाची ओढ तोडणारी हीच यंत्रणा आड येऊ शकते, कारण तिथे चाक थोडे फिरू देऊनच बाहेर निघावे लागते. त्यासाठी बहुतेक गाड्यांत ती तात्पुरती बंद करण्याचे बटण असते. डांबरावर आल्यावर ती पुन्हा चालू करायची असते.