लहान, पण खरी

नांदेडहून निघालेली गाडी मुदखेड, उमरी, धर्माबाद करत बासरला पोचते, तिथून पुढे गोदावरीचा पूल ओलांडते आणि निझामाबादला जाते. 1956पर्यंत हा सगळा टापू एकाच हैदराबाद राज्यात होता. राज्यं वेगळी झाली तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. त्याच निझामाबादची निखत झरीन 2022मध्ये इस्तंबूलला 52 किलो वजनगटात जगज्जेती झाली आणि पुढच्या वर्षी दिल्लीत 50 किलोत पुन्हा. कौतुक होतं ते या पदकांचं. मला तिची सुरुवात जास्त मोलाची वाटते.

ती आधी धावायची. मैदानावर सगळ्या खेळांत मुली दिसतात, बॉक्सिंगमध्येच का नाहीत, असं तिनं वडिलांना विचारलं. लोकांना वाटतं मुलींत तेवढी ताकद नसते, असं ते म्हणाले, आणि पोरगी त्याच खेळाच्या मागे लागली. सरावाला दुसरी मुलगी नव्हती, म्हणून मुलांशी खेळावं लागलं. सुरुवातीच्या दिवसांत चेहऱ्यावर मार घेऊन ती घरी आली, तेव्हा आई रडली. 2011मध्ये तुर्कस्तानात अंताल्याला ती ज्युनियर गटात जगज्जेती झाली. ही गोष्ट आपण धाडसाची म्हणून सांगतो. धाडस होतंच. पण त्या पहिल्या ठोशांनी तिला काय शिकवलं असेल, हा प्रश्न मला सुटत नाही, कारण त्याचं उत्तर फक्त बॉक्सिंगपुरतं नाही.

पहिल्यांदा रिंगमध्ये उतरलेल्या पोराचं काय होतं, ते पाहा. त्यानं महिनोन्‌महिने पिशवीवर ठोसे मारलेले असतात, आरशासमोर शॅडो बॉक्सिंग केलेलं असतं. घंटा वाजते आणि समोरचा अंगावर येतो. पोरगा श्वास रोखून धरतो आणि ते त्याला कळतही नाही. अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळतं, काळीज धडधडतं, खांदे आवळले जातात. आवळलेला स्नायू लवकर थकतो, त्यात श्वास कोंडलेला; पहिली फेरी संपायच्या आतच हातातले ग्लोव्ह्ज उचलवत नाहीत. ठोसा येताना डोळे मिटतात. कोपऱ्यातून कोच ओरडत असतो, ते ऐकू येत नाही. शिकवलेल्या अनेक गोष्टींपैकी एखादीच हाताशी राहते. जी राहते ती त्याची स्वतःची झालेली असते, बाकीच्या अजून कोचच्याच असतात. फेऱ्यांमधल्या एका मिनिटात कोच त्याला स्टुलावर बसवतो, माउथगार्ड काढून पाणी देतो आणि एकच गोष्ट सांगतो. शहाणा कोच दोन सांगत नाही.

हे ज्ञान तालमीत मिळत नाही. तालमीतला जोडीदार आपला असतो, तो हात आखडता घेतो, लागलं का म्हणून विचारतो. परक्या माणसानं, लोकांच्या देखत, मनापासून हरवायचा प्रयत्न केल्याशिवाय आपल्यातलं कच्चं काय आणि पक्कं काय ते बाहेर येत नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण याच्या अगदी जवळचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान लाल मातीत घडलेला. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो मॅटवर उतरला. पायाखालची जमीन वेगळी, नियम वेगळे, गुण मोजायची रीत वेगळी. फ्लायवेट गटात तो सहावा आला. ते सहावं स्थान सहसा एका ओळीत उरकलं जातं आणि सगळे 1952च्या हेलसिंकीकडे धावतात, कारण तिथे बँटमवेट गटात कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. मला लंडनचं सहावं स्थान जास्त थांबून पाहावंसं वाटतं. मॅटवर आपलं काय चालतं आणि काय चालत नाही, हे खाशाबांना तिथे कळलं, आणि पुढची चार वर्षं कशासाठी घाम गाळायचा तेही.

आपल्या भागात अशा पहिल्या लढतीची सोय जुनी आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, कुस्त्यांचा फड पडतो. गावोगावच्या जत्रांतही सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी होते. इनाम म्हणून रेवड्या, नाहीतर नारळ. मोठ्या इनामाच्या जोडी शेवटी. रेवडीच्या कुस्तीला कमी लेखायचं कारण नाही. हलगी तीच, माती तीच, भोवतीचं गाव तेच. हरणाऱ्याच्या पाठीला माती खरोखर लागते, पण त्याचं नुकसान एवढ्यावरच थांबतं. आणि फडात उतरवण्याआधी जाणती मंडळी दोन पोरांना शेजारी उभं करून अंगापिंडानं जोड बघतात. हे जोड लावणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हौशी बॉक्सिंगमध्ये तेच काम वजनकाटा, वयोगट आणि डॉक्टरची तपासणी करते. जोड चुकली तर पोराला शिकायला काही मिळत नाही, नुसती धास्ती बसते, आणि ती वर्षानुवर्षं जात नाही.

बॉक्सिंग हा डोक्याला मार बसणारा खेळ आहे, हे झाकून बोलण्यात अर्थ नाही. म्हणूनच पंचानं लढत वेळेवर थांबवणं हा त्याचा गाभा आहे. पोरगा गडबडला की पंच आठपर्यंत आकडे मोजतो, डोळ्यांत बघतो, आणि शंका आली तर लढत तिथेच थांबवतो. ज्याला लढत थांबवता येत नाही त्याच्या हाती पोरं देऊ नयेत.

आता आपल्या नेहमीच्या काळजीच्या विषयाकडे, शिक्षणाकडे वळतो. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याला सरावाचं मोल शिकवलं, लहान गावांतली पोरं डॉक्टर केली. ते ऋण मोठं आहे. पण सराव आणि अखेरची परीक्षा यांच्यामध्ये आपण एकही पायरी ठेवली नाही. सराव परीक्षेत गुण गेले तर काहीच जात नाही, नीटमध्ये गेले तर वर्ष जातं आणि घरातलं वातावरण बदलतं. एकीकडे पूर्ण बिनधोक, दुसरीकडे जिवावरचं. लोकांसमोर, खरोखर, पण सोसवेल इतपत हरायची वेळ कित्येक मुलांवर अठरा वर्षांची होईपर्यंत येतच नाही. मग पहिलाच ठोसा सर्वांत मोठ्या रिंगमध्ये बसतो. हुशार मूल एका निकालानं का कोलमडतं, याचं कारण मला निम्मं तरी इथे दिसतं.

खेळातही ही उणीव आहे. एखाद्या वजनगटात एकच नाव आलं की पोरगा न लढता विजयी ठरतो, प्रमाणपत्र घेतो, पुढच्या स्पर्धेला जातो. घरी पेढे वाटले जातात. पुढे समोर येतो तो कितीतरी लढती खेळून आलेला असतो. न लढता मिळालेल्या त्या विजयानं पोराची पहिली लढत हिरावून घेतली, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

हरून आलेल्या पोराला आपण दोनच गोष्टी ऐकवतो, एक तर ‘जाऊ दे, पुढच्या वेळी’, नाहीतर बोलणी. दोन्हींत त्याच्याजवळचं ताजं ज्ञान वाया जातं. दुसऱ्या फेरीत डावा हात खाली का आला, श्वास कधी कोंडला, हे त्याच रात्री त्याला लख्ख आठवत असतं. आठवड्यानं ‘पंचांनी अन्याय केला’ एवढंच उरतं. जिंकलेल्याचं तर याहून अवघड. त्याच्या चुका विजयाखाली झाकल्या जातात आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

अशा लहान, पण खऱ्या पहिल्या लढतीसाठी उमरीसारख्या तालुक्याला मोठं क्रीडासंकुल लागत नाही. उमरी, धर्माबाद, भोकर, नायगावची, सारख्या वजनाची आणि सारखीच नवखी दहा-बारा पोरं-पोरी, एखादा रविवार, हेडगार्ड, खाली पक्की गादी, एक डॉक्टर आणि लढत थांबवायला न कचरणारा पंच, एवढं पुरतं. मुलींच्या जोडी जमायला वेळ लागेल, त्या आधी शोधायला घ्याव्यात. निकाल पेपरात आला नाही तरी चालेल. कोचच्या वहीत प्रत्येकाच्या तीन फेऱ्या लिहिलेल्या हव्यात.