हौसेचे कष्ट, गरजेचे कष्ट

माणूस कष्टांना भितो हे खरे. पण तो आपण होऊन कष्टांच्या मागे लागतो, हेही तितकेच खरे आहे. या दोन सत्यांची गाठ पाहायची असेल, तर रविवारी पहाटे आमच्या गोवंडीत यावे. दुधाच्या किटल्या लावलेल्या, पावाची पेटी बांधलेल्या, कात्रीला धार लावण्याचे चाक बसवलेल्या सायकली गल्लीगल्लीतून निघत असतात. त्याच सुमारास हमरस्त्यावरून दुसऱ्याच जातीच्या सायकली जातात. चाके बारीक, डोक्यावर टोप, पाठीला पाण्याची पिशवी. ही मंडळी वाशीचा खाडीपूल ओलांडून पनवेलकडे, तेथून कर्नाळ्याच्या रानाकडे निघालेली असतात. घाम दोघांनाही येतो. पण पाववाल्याला चार पैसे साठले की पायडलपासून सुटका हवी असते. आणि दुसरा गृहस्थ मोटार घरी ठेवून, पाववाल्याला मोटारसायकल मिळाली असती एवढ्या किमतीत पायडल विकत घेतो!

याला ढोंग म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण सोप्या निकालांवर माझा, शाळामास्तर असूनही, फारसा विश्वास नाही.

मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी 1923 साली सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला आरंभ केला. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे 1928 साली सुमारे 71,000 किलोमीटर तुडवून परत आले. अगदी अलीकडे, 2018 साली, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या वीस वर्षांच्या मुलीने एकटीने असाच पराक्रम केला. हे वाचून ज्याची छाती फुगणार नाही, तो माणूस कसला? तथापि गणित शिकवण्याची खोड मला गप्प बसू देत नाही. पाववाला रोज वीस किलोमीटर फिरतो असे धरा आणि वर्षाचे दिवस तीनशे. बारा वर्षांत 72,000 किलोमीटर झाले. त्याचीही पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली; फक्त ती चार गल्ल्यांत झाली, म्हणून हार घेऊन कोणी उभे राहिले नाही.

मग फरक कशात? कोणी म्हणेल, निवडीत. एकाने कष्ट निवडले, दुसऱ्यावर ते पडले. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. निवड करता येणे हे भाग्य आहे. भाग्याला गुण कसे म्हणावे? हौसेच्या कष्टांनी देह कणखर होतो, मन ताजे होते, ही त्यांची कमाई आहेच. तिच्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. आनंदाला दाखला मागू नये, अशा मताचा मी आहे. प्रश्न उभा राहतो तो निराळ्याच ठिकाणी. हौसेची वाट बहुधा कोणाच्या तरी गरजेच्या अंगणातून जाते.

कर्नाळ्याचेच घ्या. पनवेल मागे पडले, की अंगठ्यासारखा उभा सुळका दिसू लागतो आणि रस्ता झाडीत शिरतो. 1968 पासून हे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. सायकलस्वार येथे थांबतो, पाणी पितो, आणि ‘काय शांतता आहे!’ म्हणतो. पण ही सारी रायगडची राने अशी मुकी नाहीत. येथल्या कातकऱ्यांना त्यांचे नावच रानाने दिले. खैराचा कात पाडणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे आले, खैर सरकारचा झाला, आणि कात पाडणारे हात विटांच्या भट्ट्यांवर नि कोळशाच्या भट्ट्यांवर गेले. जवळच उरण तालुक्यात चिरनेर आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी तेथील अक्कादेवीच्या माळावर हजारो माणसे जंगल-सत्याग्रहासाठी जमली. आपल्या डोंगरावरचे लाकूड तोडण्यास आपल्यालाच बंदी का, एवढाच त्यांचा सवाल होता. उत्तर गोळ्यांनी मिळाले. आठ जण हुतात्मे झाले. नाग्या महादू कातकरी त्यांतला एक. आपल्याला जो देखावा वाटतो, तो कोणाची तरी चूल होती. वनहक्कांचा कायदा व्हायला त्यानंतर 2006 साल उजाडावे लागले.

तर मग त्या वाटेने जाऊच नये काय? याचा विचार मी आमच्या गोवंडीवरून करतो. मुंबईचा कचरा 1927 पासून आमच्या शेजारच्या देवनारला येऊन पडत आला आहे. हे पाहायलाही कधीमधी माणसे येतात. मोटारीची काच खाली होते, छायाचित्र निघते, काच वर जाते. त्या वेळी गल्लीतल्या माणसाला जो राग येतो, त्याला मी क्षुद्र म्हणणार नाही. पण तोच पाहुणा खाली उतरला, ‘दादा, जरा पाणी मिळेल का?’ म्हणाला, की राग कुठल्या कुठे जातो. आतून तांब्या येतो, मागोमाग चहा येतो. असे का व्हावे? पाहणारा वर असतो आणि पाहिला जाणारा खाली. मागणाऱ्याने मात्र हात पुढे केला, की ही उतरंड उलटते. देणारा मोठा होतो.

आणि सायकलीची खरी थोरवी मला येथे दिसते. ती माणसाला मागायला लावते. शिवडीहून निघालेला अटल सेतू 2024 पासून मोटारवाल्याला पाहता पाहता उरण तालुक्यात नेऊन सोडतो. सायकलीला त्यावर मज्जाव आहे. मोटारवाल्याला वाटेत कोणाची गरज लागत नाही. सायकलवाल्याचे पाणी संपते, चाक पंक्चर होते, वाट चुकते. दर दहा कोसांवर त्याला कोणाचे तरी उपकार घ्यावे लागतात. याच वाटेने पुढे गेले, की पेण तालुक्यातले गागोदे लागते. विनोबांचा जन्म तेथला. 1951 पासून तेरा वर्षे ते भूदानासाठी पायी हिंडले. मोटारीतून उतरून जमीन मागितली असती, तर ती किती जणांनी दिली असती? दारात धुळीच्या पायांनी उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते.

आता कोणी रोकडा प्रश्न विचारील. पाणी प्यालात, संध्याकाळी घरी आलात, पंख्याखाली झोपलात; त्या पाड्याचे काय बदलले? त्या दिवशी काहीच नाही, हे कबूल केले पाहिजे. तांब्याभर पाण्याची फेड नोट पुढे करून होत नाही. तो देणाऱ्याचा अपमान आहे. रस्त्याकडेला करवंदे विकणाऱ्या बाईशी घासाघीस न करणे, एवढे मात्र लगेच करता येते. उरलेले ऋण डोक्यावर राहते, आणि ते राहावे. कारण ऋणको माणूस गप्प बसू शकत नाही. उद्या चार शहाण्या माणसांत कोणी म्हणाला, की या लोकांनीच रान बुडवले, तर ज्याने तेथले पाणी प्याले आहे त्याला ते ऐकून घेणे कठीण जाईल. सोमवारी पाववाल्याची घंटा ऐकताना त्याला चढाव आठवेल.

पाऊस सरला आहे, राने अजून हिरवी आहेत, मुलांना सुटी आहे. फराळाचे डबे बांधून पुष्कळ कुटुंबे या दिवसांत बाहेर पडतील. कोणी सायकलींवरही निघतील. अवश्य निघावे. डब्यात चार करंज्या जास्त घ्याव्यात, आणि पाणी मात्र थोडे कमीच घ्यावे.